तक्त्याशेजारी कोण उभं आहे?

पाहूनही न पाहणाऱ्या बाईंना,

जवळून गेलात की गोड हसता, लांबून मात्र ओळखही दाखवत नाही, हा काय प्रकार आहे? परदेशातल्या या मिशनशाळेत आई नर्स, बाबा पाद्री. मी कॉलेज अर्धवट सोडून त्यांच्या मदतीला आलो, पण राहिलो तुमच्यासाठी. रोज दवाखान्याच्या पायरीवरून हात करतो आणि तुम्ही सरळ वर्गात शिरता. प्रार्थनेला मात्र त्या पेटीवाल्याच्या खांद्यावरून इतक्या वाकता, की केस त्याच्या गीतपुस्तकावर पडतात! आईनेच तुमचे कान भरले असणार. मला तर रोज ऐकवते, "आधी पदवी घे, मग दिवे लाव."

हे सकाळी लिहिलं. दुपारी आईने सगळ्या शिक्षकांचे डोळे तपासले. मी तक्त्याशेजारी छडी घेऊन उभा होतो.

"वरचं मोठं अक्षर वाच गं."

तू म्हणालीस, "तक्ता कुठाय?" (रागातलं 'तुम्ही' तिथेच संपलं.)

"अगं, हा छडी घेऊन उभा आहे ना, त्याच्या शेजारी."

"तिथे कुणी उभं आहे?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त आई. माझं हात करणं तिला रोज दिसत होतं, हा संशय अजून आहेच. पेटीवाल्याची मात्र मनातल्या मनात माफी मागितली.

पुढच्या आठवड्यात तुझा चष्मा येईल. त्या दिवशीही मी पायरीवरून हात करीन. तेव्हाही तू सरळ वर्गात गेलीस, तर संशय घ्यायला काही उरणारच नाही. म्हणून हे पत्र तोवर खिशातच.

तुझा, सध्या धूसर,
छडीवाला