पट्ट्याची दोन भोकं

दि. ४ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटी करतो, कारण आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही. आपली म्हातारी नापास झाली. म्हातारी म्हणजे बाबांची जीप. परीक्षेला बसण्याचा उत्साह घरात दुसऱ्या कुणात उरलाय?

जुन्या लष्करी गाड्यांच्या संचलनात यंदा फक्त अस्सल गाड्या घ्यायच्या, असा समितीचा नियम. मला तो आवडला होता. आयुष्यभर मी या गाड्यांच्या नकली बॉड्या ठोकून विकतोय, तेव्हा अस्सल कशाला म्हणतात हे मला कळतं, असा माझा गैरसमज.

परीक्षक आले. अंगात लष्करी कपडे, इस्त्री ताजी, आणि पोटाकडे बघता लढाया फक्त ताटावरच्या. त्यांनी भिंग काढलं, गाडीभोवती फिरले आणि मागच्या डाव्या पत्र्यातल्या दोन भोकांपाशी थबकले. म्हणाले, लष्कराने अशी भोकं कधी पाडली नाहीत. चेसिस खरी, पण बॉडी नकली. ही भोकं म्हणजे एका ठरावीक कारखान्याच्या मालाची खूण आहे म्हणे. कारखाना कुठला, तर माझाच!

मी समजावलं, की साहेब, पहिला साचा मी याच गाडीवरून काढला. पत्रा हिच्यावर धरला आणि दिसलं ते सगळं उतरवलं, भोकांसकट. ही आई, त्या लेकी. तर म्हणतात, असं सगळेच सांगतात. सगळे म्हणजे कोण? या बॉड्या बनवणारा मी एकटा!

याहून भारी पुढेच आहे. ज्या गाडीला त्यांनी पहिल्या नंबरची फीत लावली, तिच्या पत्र्यावरून मी सहज हात फिरवला. रंगाखाली दोन फुगवटे लागले. भोकं बुजवून घासलेली. ती बॉडी माझ्याच दारातून गेलेली! लेक अस्सल ठरली आणि आई बनावट.

जाताना समितीच्या अध्यक्षांनी मला कोपऱ्यात घेऊन सुचवलं की भोकं बुजवून आणा, बघू काहीतरी. म्हणजे खोटेपणा केला की आम्ही खरे.

बाबांना तपासणी बाकी आहे एवढंच सांगितलंय. ते गणवेश घालून बघतात आणि पुन्हा घडी करतात. गणवेशात आता असे दोन बाबा मावतील. पलटणीत जिचं इंजिन सांभाळलं, मोडीत निघाल्यावर जी विकत घेतली, तिच्यात बसून एकदा संचलनाच्या रस्त्याने जायचं, एवढंच त्यांचं मागणं. पुढच्या वर्षाचा वायदा ते करत नाहीत, आणि डॉक्टरही करत नाहीत. काय करू, कळव.

गुडघा कसा आहे? या संतापी भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

दि. ७ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. त्याचा भुर्दंडही त्या परीक्षकावर लिहून ठेव.

भोकं कशाची ते सांगितलंस का त्याला? नसशील सांगितलं, तू नुसता लाल होतोस. मी जेमतेम चालायला लागले होते. एका वळणावर गाडीतून बाहेर सांडले, ते नशिबाने गवतात. घरी येताच बाबांनी ड्रिल काढलं, पत्र्याला दोन भोकं पाडली, त्यांतून चामडी पट्टा ओवला आणि मला बांधून टाकलं. आई म्हणाली, चांगल्या गाडीचं वाटोळं केलंत. बाबा म्हणाले होते, पत्रा दुसरा मिळेल. आणि तू शहाण्याने दुसऱ्या पत्र्यांनाही तीच भोकं पाडून जगभर पाठवलीस! समुद्रापलीकडच्या कुणी विचारलं होतं ना ही कशासाठी? तू कळवलंस, बहिणीसाठी. बिचारा अजून लष्करी पुस्तकात शोधत असेल.

इतकं सगळं असूनही सांगते, बुजव ती. मी आता गाडीतून सांडण्याच्या वयाची नाही, आणि सांडलेच तर गाडीचंच नुकसान होईल. परीक्षकाची अक्कल काढायला आपल्याला उभा जन्म आहे. बाबांना नाही.

गुडघा तुझ्यासारखाच झालाय, जरा काही झालं की कुरकुरतो. वहिनीला आठवण सांग. रागातही या बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. १५ डिसेंबर

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर हलतंय, सांभाळून वाच.

तुम्ही दोघं पत्रांतून माझ्या गाडीचे निकाल लावता आणि मालकाला कुणी विचारत नाही, हे मला मुळीच आवडलेलं नाही. दादा कारखान्यात डोळ्यांना काळा चष्मा लावून, हातात वेल्डिंगची कांडी घेऊन उभा दिसला, तेव्हा मला सगळं समजलं. मी मागच्या सीटवर चढलो, त्या भोकांना पाठ लावून बसलो आणि म्हटलं, चालव आता वेल्डिंग. कांडी टाकून त्याने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि लहानपणासारखा भोकाड पसरून रडला. हे मी तुला सांगितलं असं त्याला कळवू नकोस.

संचलनाच्या दिवशी आम्ही म्हातारी मैदानाबाहेरच्या वळणावर, प्रेक्षकांत उभी केली. मी गणवेशात. कपाटातला तुझा पट्टा दादाने ओवून दिला होता, गाडी पूर्ण असावी म्हणून. सर्वांत पुढे ती फीतवाली गाडी आली. मागे डाव्या बाजूला तुमचे परीक्षक सलामी देत उभे. वळणावर चालकाने चाक जोरात फिरवलं, आणि साहेब तुझ्यासारखेच बाहेर सांडले. गवत मात्र नव्हतं.

फीतवाली गाडी बँडच्या आवाजात तशीच पुढे निघून गेली. दादाने म्हातारी रस्त्यावर आडवी घेतली आणि त्यांना उचलून तिच्यात बसवलं. वाईट वाटेल असं एक अक्षर तो बोलला नाही, पण त्याचे कान लाल होते. पट्टा मी बांधला, हिसका देऊन पाहिला. मागच्या गाड्या खोळंबून भोंगे वाजवत होत्या, म्हणून स्वयंसेवकाने आम्हाला रांगेत घेतलं.

अशी माझी इच्छा पुरी झाली. शेवटपर्यंत गेलो. लोक टाळ्या वाजवत होते. मी सलामी देत होतो. परीक्षकांना सलामी देता आली नाही, त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा धरला होता.

गुडघ्याला शेक दे. म्हाताऱ्यावर जीव आहेच, तो एकदा येऊन दाखव.

तुझे,
बाबा