ब्रेक दाबला तरी सरळ

बाबा, काल आई तुमच्या गाडीत बसली. पुढच्या सीटवर, पट्टा लावून, मांडीवर पर्स घेऊन. आम्ही दोघी सोहारहून डोंगराच्या रस्त्याने वर गेलो आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी परत आलो. शेवट आधी सांगून टाकला, कारण तुम्हाला तसंच ऐकायला आवडायचं. शाळेतून आले की तुम्ही विचारायचात, "आधी पास का नापास ते सांग, मग रामायण." तर पास, बाबा. आता रामायण.

आपण ओमानमध्ये अल् खुवैरला राहत होतो तेव्हाची गोष्ट. तुम्ही कंपनीच्या अकाउंट्समध्ये, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि एका संध्याकाळी तुम्ही ती गाडी घेऊन बिल्डिंगखाली उभे राहिलात. जुनी अमेरिकन गाडी, दोनच दारं, खाटेएवढं बॉनेट आणि आठ सिलिंडरचं इंजिन. ते सुरू झालं की तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. आई गॅलरीतून बघून म्हणाली, "हे कोणी दिलं तुम्हाला?" जणू काही तुम्ही रस्त्यावरून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं होतंत. दर शुक्रवारी सकाळी तुम्ही ती धुवायचात. एक फडकं मला द्यायचात आणि चाकांच्या टोप्या माझ्याकडे असायच्या. इंजिनातलं तुम्हाला फारसं काही कळत नव्हतं, हे मला आता कळतं. पण बॉनेट उघडून तुम्ही असे उभे राहायचात, की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, यांनीच बनवलीय.

मग तो वादी जिझ्झीच्या घाटातला दिवस. बुरैमीला तुमच्या एका मित्राकडे निघालोय, मी मागच्या सीटवर बिस्किटांचा पुडा फोडून बसलेय, आई तुम्हाला सारखी "हळू, हळू" म्हणतेय. उताराचं एक वळण येतं, समोर दोन शेळ्या रस्त्यावर चढतात, आणि तुम्ही ब्रेक दाबता. गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे झेप घेते. खडीवर चाकं घासल्याचा आवाज, आईची किंकाळी, माझी बिस्किटं सगळीकडे. थांबलो तेव्हा पुढचं चाक कड्यापासून हातभर लांब होतं. आई उतरली, माझा हात धरून मला बाहेर ओढलं आणि चालायला लागली. तुम्ही मागून "अगं, ऐक तरी" करत येत होतात. शेवटी एका पिकअपवाल्या ओमानी गृहस्थांनी आम्हा दोघींना घरी सोडलं. तुम्ही एकटेच ती गाडी घेऊन अंधार पडता पडता परतलात.

त्या रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवशीचं स्वयंपाकघर मला जास्त आठवतं. आई पोळ्या लाटत होती. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "मी स्टिअरिंग वळवलंच नाही गं. नुसता ब्रेक दाबला. गाडी आपणहून गेली." आईने लाटणं न थांबवता उत्तर दिलं, "गाड्या आपणहून कुठे जात नसतात. शायनिंग मारत होतात तुम्ही." तुम्ही दोन गॅरेजांत गाडी दाखवलीत. दोन्हीकडे चाकांचं अलाइनमेंट करून दिलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. त्यामुळे आईचंच खरं ठरलं. ती पुन्हा त्या गाडीत बसली नाही. तुम्ही सहमच्या तुमच्या ओमानी मित्राच्या शेतावर, खजुराच्या बागेतल्या शेडमध्ये गाडी नेऊन ठेवलीत. कधीमधी जाऊन तिथल्या तिथे दोन चकरा मारायचात, बस. पुढे कितीतरी वर्षं, कोणाकडे जेवायला गेलो की आई हसत हसत ती कहाणी सांगायची, "यांनी आम्हाला दरीत घातलं असतं," आणि लोक हसायचे. तुम्हीही हसायचात. पण एकदा मी तुमच्याकडे बघत होते, आणि तुम्ही हसणं संपल्यावर ताटात बोटाने रेघा ओढत बसला होतात.

मी पुण्यात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. पुढे मीच ओमानला परत आले, सोहारच्या अॅल्युमिनियम कारखान्यात मेंटेनन्सला लागले, आईला घेऊन आले. गाडी सहमलाच होती. तुमच्या त्या मित्रांनी शेड दोनदा नवी बांधली, पण गाडी तिथेच ठेवली. आता ते काठी घेऊन चालतात, पण हिंदी अजून तशीच फर्डी आहे. या थंडीत मी त्यांना म्हटलं, गाडी रस्त्यावर आणायचीय. ते म्हणाले, "बेटी, इंजिन तो जवान है. घुटने गये हैं इसके, मेरे जैसे."

गुडघ्यांचंच काम होतं. पुढचं सस्पेन्शन सगळं बदलायचं मी ठरवलं. जुन्या रचनेत शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंग, दोन्ही सुटं असतं. मी मागवलं ते कॉइलओव्हर, म्हणजे शॉक अब्सॉर्बर आणि त्याच्याच अंगावर गुंडाळलेली स्प्रिंग, सगळं एकत्र. त्यावरची कडी फिरवली की गाडीचं नाक वर-खाली करता येतं. या बदलाची परवानगी काढली, आणि शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत शेडमध्ये जाऊन कामाला लागले. गाडी जॅकवर उचलून चेसिसखाली भक्कम घोड्या लावल्या. चाकं काढली. खरी धास्ती जुन्या स्प्रिंगची होती. गाडीचं नाक पेलणारी ती जाड सळी दाबून बसवलेली असते. चुकून सुटली तर समोरच्याचा जबडा घेऊन जाते. मी तिला साखळीने बांधलं, ती दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावला आणि चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा आर्म जॅकवर इंचाइंचाने खाली घ्यायला सुरुवात केली. तुमचे मित्र काठी टाकून चक्क खजुराच्या झाडामागे गेले. तिथून ओरडत होते, "अल्ला का वास्ता, ये बॉम्ब है!" स्प्रिंग सैल पडली, मी ती हातात धरून बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. ते झाडामागून टाळ्या वाजवत आले. "खलास?" "खलास," मी म्हटलं. त्या क्षणी मला वाटलं होतं की यापेक्षा जास्त आनंद आता या कामात मिळणार नाही.

पण उजव्या बाजूचा खालचा आर्म काढताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. बोल्ट सुटताना जो जोर लागायला हवा तो लागलाच नाही. वर डांबरासारखा काळा थर, त्याच्याखाली एक जाड वायसर. ते खरवडून काढलं, बॅटरी मारली, आणि मी तशीच जमिनीवर पडून राहिले. चेसिसमधलं बोल्टचं भोक गोल नव्हतंच. झिजून झिजून अंड्यासारखं लांबट झालं होतं. बोल्टभोवती घट्ट बसणाऱ्या बुशचं रबर केव्हाच संपलं होतं. म्हणजे ब्रेक दाबला की तो अख्खा आर्म मागे सरकायचा आणि चाक उजवीकडे वळायचं. स्टिअरिंग सरळ धरलं तरी. आणि ही झीज जुनी होती. कडा घासून गुळगुळीत झालेल्या, आणि त्या गुळगुळीतपणावर मग इतक्या वर्षांचा गंज चढलेला. गॅरेजवाल्यांनी गाडी उभी करून माप घेतलं होतं. उभ्या गाडीत तो आर्म जागच्या जागी बसायचा. तुम्ही खरं सांगत होतात, बाबा. शब्दन् शब्द.

मी आईला फोन केला नाही. पुढच्या शुक्रवारी तिला घेऊनच आले. शेडमध्ये तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण ती बसली नाही. पदर खोचून वाकली. मी बोल्ट त्या भोकात घातला आणि पुढे-मागे हलवून दाखवला. खटक, खटक. "ब्रेक दाबला की हे असं व्हायचं," मी म्हटलं, "बाबांनी काही केलं नव्हतं." तिने माझ्या हातातून बोल्ट घेतला आणि स्वतः हलवून बघितला. कितीतरी वेळ ती तो आवाज काढत होती. तुमचे मित्र दुसरीकडे बघायला लागले. मग आई म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत फिरले गं." मी बाहीने डोळे पुसले. तिने हात पुसले, माझ्याकडे वळली आणि तुमच्यावर ओरडायची त्याच आवाजात म्हणाली, "आता रडत काय बसलीस? नीट कर ते. मी बसणार आहे त्यात."

कारखान्यातला आमचा रायगडचा फॅब्रिकेटर येऊन तिथे जाड पट्टी वेल्ड करून गेला. नवीन गोल भोक मी पाडलं. नवे आर्म, नवे बुश, नवे बॉल जॉइंट. कॉइलओव्हर खालून वर सरकवला तेव्हा त्याचं टोक चेसिसच्या भोकातून जाईना, वरचं भोकही कानशीने घासून मोठं करावं लागलं. मग तो असा बसला, जसा काही गाडीबरोबरच जन्माला आलाय. दोन्ही बाजूंच्या कड्या फिरवत, माप घेत, परत फिरवत मी नाकाची उंची सारखी केली. गाडी जमिनीवर उतरवून बोल्ट शेवटचे आवळले. तुमचे मित्र बॉनेटवर दोन्ही हात टेकून सगळ्या वजनाने दाबत होते आणि गाडी एकदाच वर येऊन थांबत होती. पूर्वी ती होडीसारखी डुलत राहायची. "ये तो शरीफ हो गयी," ते म्हणाले.

आणि काल. सोहारहून निघालो तेव्हा आईचा एक हात दाराच्या मुठीवर होता. गाडी रस्त्याला धरून चालत होती. वळणावर मी स्टिअरिंग जेवढं वळवेन तेवढीच वळत होती, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. हळूहळू आईचा हात मुठीवरून पर्सवर आला. तेच वळण आलं. मला नक्की आठवत नव्हतं, तिला आठवत होतं. ती म्हणाली, "मागे कोणी आहे?" मी आरशात बघितलं. कोणी नव्हतं. "मग इथेच," आई म्हणाली, "दाब ब्रेक. जोरात दाब." मी दाबला. पट्टे ताणले गेले, पर्स खाली पडली, आणि गाडी सुतासारखी सरळ, आपल्या लेनच्या बरोबर मधोमध थांबली. इंजिन गुरगुरत होतं. आई समोर बघत, मान थोडी वर करून म्हणाली, "अहो, सरळ थांबली हो." आणि मग ती हसायला लागली, आणि मी हसायला लागले, आणि मागून आलेल्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा आईने त्याला खिडकीतून हात केला, जणू काही वरातच निघाली होती. घरी आल्या आल्या तिने पुण्याला मावशीला फोन लावला. "यांची काही चूक नव्हती," हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यानंतर तिने आणखी तिघींना फोन केले.

हे सगळं आईला वाचून दाखवणार होते. पण आता नाही दाखवणार, कोणालाच नाही. कारण इथपर्यंत लिहिल्यावर एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. कारखान्यात, शेजारीपाजारी, सगळ्यांना मी सांगितलंय की गाडी बाबांच्या आठवणीसाठी नीट केली. सगळे भारावून जातात. मीही थोडी जाते. पण आज सकाळी मी कोणालाही न सांगता एकटीच तिला घेऊन समुद्राच्या रस्त्याने गेले, खिडक्या उघड्या टाकून, आणि तासभर मला तुमची आठवण एकदाही आली नाही. बाबा, तुम्ही असतात ना, तरी मी किल्ली दिली नसती.