उकिरड्यातला रांजण

मंगळवार, १२ जानेवारी १९५४

दारूबंदीवरचा माझा लेख छापून आला. त्यात सगुणाबाईंचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं. दारूसाठी भिजवलेले जोंधळे रांजणात भरून उबेसाठी उकिरड्यात पुरतात, एवढं एक वाक्य होतं. त्यांनीच मला हसत दाखवलं होतं, "बाळंतिणीवानी जपावं लागतं, भाऊ."

त्या वाक्यावरून आज पोलिसांनी गावोगावचे उकिरडे पहारीने भोसकले. आकुर्डीत सगुणाबाईंचा रांजण फुटला, नवऱ्याला बेड्या घालून नेलं. मी गेलो तेव्हा बाई शेणातून खापरं वेचत होत्या.

"नाव न्हाई घातलं, कबूल. पर उकिरडा कशापायी लिवला, भाऊ?"

त्या वाक्यावाचून लेख अडला नसता. मग का लिहिलं? संपादकांना तेच सर्वांत आवडलं होतं.

मलाही.