मामाने दिलेली रक्ताची बाटली

मी, जमनी रामचंद राठोड, वय ४२, धंदा फवारणी पंप दुरुस्ती, राहणार घाटंजी, शुद्धीत व कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कालपासून तीनदा फाडले, हे चौथे. डोके जागेवर आहे; कुरकुर आहे ती हृदयाची, जन्मापासूनची. २२ तारखेला नागपूरला त्याचे दुसरे ऑपरेशन आहे. लिव्हर खराब असल्याने धोका जास्त, असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले.

१. राहती खोली आई लालीबाई हयात असेपर्यंत तिची. नंतर भाऊ खेमसिंगची.

२. पाने, पकडी, वॉशरचे डबे भावजय रुपालीला. खेमसिंगला नाही, तो पकडीने नारळ फोडतो.

३. 'छातीत भोक असलेली' म्हणून माझ्याशी सोयरीक मोडणाऱ्या पूनमसिंगचा पंप दोन वर्षे दुरुस्त होऊन पडला आहे. मुद्दाम दिला नाही. आता द्यावा.

४. मामा देवसिंगला काहीच देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार मामाच हवा.

१९८२ साली, मी आठ वर्षांची असताना, मुंबईला पहिले ऑपरेशन झाले. दोन बाटल्या रक्त लागले. एक मामाने दिली, दुसरी कोणाची माहीत नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात मामा बाही वर करून सांगतो, "हे पोट्टी माह्या रगतावर जगून राह्यली!" चार वर्षांपूर्वी मला हिपॅटायटिस सी निघाला. त्या काळी रक्तात हा आजार तपासायची सोयच नव्हती. दोनपैकी एका बाटलीतून आला असावा, असे डॉक्टर म्हणाले. मागच्या वर्षी नव्या गोळ्यांनी तो गेला, पण तोवर लिव्हर कडक झाले होते.

मामाला मी हे सांगितले नाही. त्याची बाही कायमची खाली येईल, याची भीती वाटली. आधी इथे लिहिले होते की माझ्यामागे त्याला सांगावे. ते खोडले. मृत्युपत्र उघडेपर्यंत त्याचे लिव्हर थांबेल कशाला?

मामा, हा आजार वर्षानुवर्षे मुकाट बसतो. तुला असेल किंवा नसेल. असला तर तीन महिन्यांच्या गोळ्या आहेत. ती बाटली नसती तर मी आठव्या वर्षीच गेले असते. ही चौतीस वर्षे तूच दिलीस. हे ऐकून मगच अंगठा दे.

घाटंजी, १० फेब्रुवारी २०१६
सही: जमनी रामचंद राठोड

साक्षीदार १: कमलाकर देशपांडे, निवृत्त शिक्षक. सर्व मजकूर देवसिंगना वाचून दाखवला. सही.

साक्षीदार २: देवसिंग चव्हाण, डावा अंगठा. त्यांच्या आग्रहावरून पुढील शब्द जसेच्या तसे लिहिले:

"मले काहून नाई सांगतलं, बाई? उद्या सकाळच्या गाडीनं यवतमाळले जाऊ, माह्यं रगत तपासाले. बाही तूच वर करजो."