जेवली का

२८ ऑक्टोबर
आज शेतात सीतादही केलं. धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेला, पाच दगड मांडले, दहीभात दाखवला, मग पहिला कापूस वेचला. मागच्या साली नैवेद्य ह्यांनी दाखवला होता. लेकीने, पूर्वाने, ह्यांच्याच फोनवर व्हिडिओ काढला. पुण्याच्या आत्याला दिसेल म्हणून नेटवर टाकते म्हणाली. मी म्हटलं, टाक.

३० ऑक्टोबर
वेचणी. शाळेला सुट्टी, पू. घरी. ह्यांचा मोठा फोन तिच्याजवळ असतो, म्हणून शेतात धीर राहतो. संध्याकाळी ती फोनमध्ये, मी आर्णीहून आणलेल्या पुस्तकात. घरात आवाज फक्त चुलीवर रटरटणाऱ्या भाताच्या गंजाचा.

२ नोव्हेंबर
पू. अंघोळीला गेली होती. फोन वाजला. ‘जेवली का बेटा?’ नाव नाही, फोटोत गुलाब. मागचं वाचत गेले. रोज दुपारी हेच. मग ‘मला बाबाच समज’. काल, ‘घर कुठे? तुझा फोटो पाठव. आईला सांगू नको.’
एकटी असते हे त्याला कसं कळलं? व्हिडिओ लावला. शेवटी पू.चा आवाज, ‘उद्यापासून आई वेचणीले, मी घरी एकटी.’ कितीदा पाहिला होता मी तो. नैवेद्यच पाहत राहिले.
हात उचलला होता. खाली घेतला.
“काहून बोलत होती त्याच्याशी?”
“तो इचारते तरी, जेवली का म्हणून. बाबा इचारत. तू कधी इचारलं?”

३ नोव्हेंबर
तिच्या शाळेतल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, रागावू नका, नाही तर पुढच्या वेळी लपवेल. मेसेज पुसू नका, ठाण्यात दाखवा, मग ब्लॉक करा. ठाण्यात जाऊन आले. लिहून घेतलं. घरी दोघींनी बसून त्याला बंद केलं, व्हिडिओ नेटवरून काढून टाकला, अनोळखी माणसाचा मेसेज येणार नाही असं केलं. ती दाखवत गेली, मी दाबत गेले. फोन आता पुढच्या खोलीत, फळीवर. ह्यांच्या फोटोखाली.
फोटो पाठवला नव्हता म्हणते. खरं असावं.

५ नोव्हेंबर
पू. दिवसभर शेजारच्या काकूंकडे. माझ्याशी बोलणं नाही. दुपारी बाया शिदोरी सोडून बसल्या. मी बाजूला जाऊन साध्या फोनवरून काकूंना लावला, पू.ला द्या म्हटलं.
“जेवली का?”
मागे टीव्ही चालू होता. तिने फोन ठेवला नाही. मीही भाकर हातात धरून, फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.