मागणाऱ्यांचा आमदार

प्रिय संपदा,

बाबा निवडून आले. टीव्हीवाले दुपारपासूनच सांगत होते, पण माझा विश्वास बसला तो संध्याकाळी, मतमोजणीच्या ठिकाणाहून युनियनच्या शैलेंद्रचा फोन आला तेव्हा. ‘काकू, प्रमाणपत्र काकांच्या हातात पडलं. आता रडायला हरकत नाही,’ म्हणाला. चक्कीवरून दळण आणायचं राहिलं होतं. ते आणलं, आणि मग निवांत रडले.

हे सगळं कॅन्टीनच्या डाळीपासून सुरू झालं, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. नागपूरहून नवा आलेला फिटर, भोपाळात कुणाची ओळख नाही, आणि डाळ पातळ आहे म्हणून वाटी थेट मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली. डाळ घट्ट झाली आणि बाबा युनियनचे झाले. मग गेटवरच्या सभा, ठेक्यावरच्या बायकांचा पगार, वस्त्यांतलं पाणी. या पोटनिवडणुकीला पक्षानं तिकिटाचं विचारलं तेव्हा, ‘आपण कारखान्यातली माणसं, आपल्याला हे काय जमणार,’ म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर पुसत बसलेले दिसले. तेव्हाच मी ओळखलं.

कालची मिरवणूक तू पाहायला हवी होतीस. नेहरू नगरच्या चौकात त्यांना जीपवर चढवलं, गळ्यात नाकापर्यंत हार, हातात माइक. आभाराचं भाषण त्यांनी पाठ केलं होतं, मी ऐकून घेतलं होतं. पण समोर तीच सगळी गेटवरची माणसं. बाबांची मूठ आपोआप वर गेली आणि ते गरजले, ‘हमारी माँगें!’ सगळा चौक ओरडला, ‘पूरी करो!’ एकदा नाही, चांगलं तीन-चारदा. ढोलवालाही त्याच तालावर वाजवायला लागला. शेवटी कॅन्टीनमधल्या मालतीभाभी कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. ‘अरे अनंत भैया, अब किससे माँग रहे हो? अब तो देना तुमको है!’ असा हशा उसळला की जीपच्या ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बाबा स्वतः हाराआडून हसत होते. भाषण राहिलंच.

आज सकाळी मात्र हसू ओसरलं. चहा व्हायच्या आत दोन गल्ल्यांची माणसं दारात. पाण्याची लाइन एकच येणार, दोघांनाही आधी हवी. दोन्हीकडे म्हातारी माणसं, दोन्हीकडे टँकरची भांडणं. बाबा दोघांनाही ‘बिलकुल सही बात है’ म्हणत राहिले. माणसं गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. ‘दोघंही खरं बोलत असतील तर नाही कुणाला म्हणायचं गं? आणि कसं म्हणायचं?’ मी म्हटलं, मला काय विचारता? हे काम रोज करणारी एक आहे आपल्या घरातली.

नाशिकच्या कंपनीत तू एचआरमध्ये लागलीस तेव्हा ‘माझी पोर मॅनेजमेंटला जाऊन मिळाली’ असं ते म्हणाले, आणि तूही गप्प बसणाऱ्यातली नाहीस. तेव्हापासून तुमचा अबोला. मी तुला फोन लावला की शेजारी बसून मला सांगतात, ‘तिला म्हणावं, थंडी आहे, स्वेटर घाल.’ मी तेच फोनवर सांगते, आणि तू म्हणतेस, ‘त्यांना म्हणावं, घातलाय.’ तुम्हा दोघांची टेलिफोन ऑपरेटर होऊन मी थकले, बाई. आज पुन्हा ‘तिला विचार’ म्हणाले, तर मी सरळ सांगितलं, नाही विचारणार. आमदार झालात, आता स्वतः बोला. त्यांनी कणकेच्या परातीवरचं फडकं उगाच सारखं केलं. मग म्हणाले, ‘ती उचलेल का?’

एवढ्यासाठीच हे पत्र कुरिअरनं पाठवतेय. फोनवर बोलले असते तर ते मागे उभे राहून खुणा करत बसले असते. रविवारी सकाळी ते तुला फोन करतील. उचल. आधी थोडं हवापाण्याचं चालेल, मग त्या पाइपलाइनचं विचारतील. तुला येतं तसं नीट समजावून सांग, जिंकल्याचा आवाज काढू नकोस. शपथविधी पुढच्या आठवड्यात आहे. ‘येशील का’ हे विचारायला त्यांना वेळ लागेल, तेवढा वेळ फोन ठेवू नकोस.

वाट बघणारी, तुझीच,
आई