गिरणी बंद, देवी चालू

कोल्हार,
१२ जानेवारी २०२५

ति. पुष्पाताईस,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

चक्कर येऊन माझा पदर गिरणीच्या पट्ट्यात जाता जाता वाचला, तेव्हा बीपी मोजून तू बजावलंस की दिवसातून अधूनमधून गिरणी बंद करायची, डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायचा आणि मोबाईल लांब ठेवायचा. म्हणून हे पत्र.

पहिल्याच दिवशी पोत्यावर डोळे मिटून बसले. शेजारच्या केशरबाई बाजरी घेऊन आल्या. मी हूं की चूं करीना, तशा त्या राजेश्वरीच्या अंगात आलंय म्हणून आळीभर सांगून आल्या. आता डोळे उघडावेत तर कपाळावर कुंकू, ओटीत नारळ आणि पुढ्यात रांग. कुणाची म्हैस कधी गाभण राहील, हे मला काय ठाऊक? सासूबाईंना मात्र सून देवी झाल्याचा कोण आनंद. या विसाव्यापेक्षा दळण बरं. बंदच करू का हे?

लोभ आहेच, सोबत नारळ पाठवते.
तुझी राजेश्वरी

भिंगार,
१८ जानेवारी

चि. सौ. राजेश्वरीस अनेक आशीर्वाद.

बंद केलंस तर याद राख. इतकी वर्षं नर्स आहे मी, पण त्या दिवशी तुझं बीपी बघून मी मशीन बदलून पुन्हा मोजलं होतं. लोकांना सरळ खरं सांगून टाक. माझं म्हणशील तर वॉर्डात दम खायला सवड नाही, चहासुद्धा उभ्यानंच होतो. नारळ फोडलेले पाठवू नकोस, वाटेत नासतात.

जिवाला जप. मला एकच बहीण आहे.
तुझी ताई

कोल्हार,
२ फेब्रुवारी

ति. ताईस शि. सा. न.

खरं सांगून पाहिलं. केशरबाई म्हणाल्या, देवी कदी कबूल करती व्हय. मंगळवारी पाचसहा बायका घेऊन आल्या. मुलाचं लग्न कधी जमेल ते हवं होतं. माझं डोकंच फिरलं. डोळे न उघडता फर्मावलं की सगळ्यांनी खाली बसा, डोळे मिटा आणि मी उठेपर्यंत गप राहा. देवीचं कोण मोडणार? सगळ्या बसल्या, सासूबाईसुद्धा.

डोळे उघडले तर सासूबाई पोत्याला टेकून झोपलेल्या, नाकाला पीठ. जाग आल्यावर म्हणाल्या की लगीन होऊन आल्यापासून दिवसाउजेडी आपन कदी टेकलोच न्हाई. ताई, मी पदरानं त्यांच्या नाकाचं पीठ पुसलं. आता वेळ झाली की त्याच येऊन गिरणीचं बटण बंद करतात. केशरबाईंच्या मुलाचं अजून जमलेलं नाही, पण त्या बसायला न चुकता येतात. माझं बीपी उतरलंय.

देवीचा तुलाही हुकूम आहे, चहा बसून प्यायचा. थापा मारू नकोस, तिला सगळं कळतं.

लोभ वाढावा, बीपी वाढू नये.
तुझी राजेश्वरी